त्रेचाळीस नंबरचा टायर

"नंबर काय?" मी विचारलं.

खाणीवरचा मगदूम सुपरवायझर जीपमधून उतरलासुद्धा नव्हता. इंजिन चालू ठेवून त्याने डोकं बाहेर काढलं होतं.

"नंबरचं काय घेऊन बसलाईस? आनंदाची गाडी दरडीवर आदळली म्हणतोय मी. पुढचा टायर फुटला. पाय अडकला हुता, आत्ता काढून कोल्हापूरला धाडला त्याला. पोरांनी रस्ता अडवलाय. टायर तुमच्या दुकानचा हाय. चल, बस."

"नंबर सांग मगदूम."

"त्रेचाळीस."

मी हातातली हातोडी खाली ठेवली. माझी बायको शालन आतून बाहेर आली होती. तिनेही ऐकलं. तिने हात पदराला पुसले आणि चपला घातल्या.

"वैनी, तुम्ही कुठं?" मगदूम म्हणाला.

"टायर बघायला."

"तिथं चाळीस गडी तापल्यात. बाईमाणसाचं काय काम हाय?"

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. मी पुढे बसलो. सकाळचे दहा वाजले असतील.

आमचं दुकान मलकापूर रस्त्याला होतं. जुन्या टायरवर नवीन रबर चढवायचं, म्हणजे रिमोल्ड करायचं, हा आमचा धंदा. टायरचं वरचं रबर झिजतं, पण आतला दोऱ्याच्या थरांचा सांगाडा, ज्याला आम्ही केसिंग म्हणतो, तो चांगला असेल तर त्यावर पुन्हा रबर चढतं. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, सरनोबतांची बॉक्साइटची खाण होती. तिथले चौदा टिपर माल भरून सात किलोमीटरचा कच्चा उतार उतरायचे आणि खाली डेपोवर रिकामे व्हायचे. त्या सगळ्या टिपरना मागे बहुतेक आमचेच रिमोल्ड होते. सरनोबतांना मीच ते पटवलं होतं. मी म्हणालो होतो, साहेब, ह्या दगडांत नवा टायरसुद्धा तीन महिन्यांत चिरतो. गाडी काय वीसच्या वर पळत नाही. मग नव्या टायरच्या चिंधड्या कशाला करता? चांगलं केसिंग निवडून रिमोल्ड घाला. मागच्या चाकांना घाला, पुढे मात्र घालू नका. पुढचं चाक फुटलं की स्टेअरिंग हातात राहत नाही.

हे मी आजही सांगेन. ते खोटं नव्हतं.

जीप चढायला लागली तशी शालनने मागून विचारलं, "आनंदाभावजींचा पाय कसा हाय?"

"गुडघ्याखाली काय उरलं न्हाई वैनी. डाक्टर काय म्हणतोय बघायचं."

आनंदा बोरगे आमच्याकडे नेहमी यायचा. गाडी खाली आली की दुकानात बसून चहा प्यायचा, शालनला चिडवायचा, "वैनी, चहात साखर घातलीय का रबराचं सोल्युशन?" त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं.

"पण स्टेपनी पुढं का लावली?" मी विचारलं.

"ते तिथं गेल्यावर बोलू," मगदूम म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तू फक्त एक कर. पुढं रिमोल्ड लावायचा न्हाई असं तू सांगितलं हुतंस, तेवढं सगळ्यांसमोर बोल. बाकी मी बघतो."



चौथ्या वळणावर टिपर दिसला. रस्त्याच्या उजव्या हाताला दरड, डाव्या हाताला दरी. उजवं पुढचं चाक फुटून गाडी उजवीकडे ओढली होती आणि ड्रायव्हरच्या बाजूनेच दरडीत घुसली होती. दार आत चेपलं होतं. पायरीवर रक्त होतं आणि त्यावर कुणीतरी माती टाकली होती. डावा टायर फुटला असता तर गाडी सापडलीच नसती.

वर भरलेले पाच-सहा टिपर एकामागे एक उभे होते. त्यांचे ड्रायव्हर आणि खाणीतले गडी मिळून खरंच चाळीसेक माणसं रस्त्यावर होती. फुटलेला टायर रिममधून काढून त्यांनी मधोमध आडवा टाकला होता. टायर काढायची लोखंडी टॉमी हातात घेऊन यासीन मुजावर उभा होता. तो सगळ्यांत जुना ड्रायव्हर, त्याचं सगळे ऐकायचे.

"या हिंदुराव," यासीन म्हणाला. "बघा तुमचा माल."

"यासीनभाई, आनंदा..."

"आनंदाचं नाव घेऊ नगा. आधी ह्येचं बोला." त्याने टॉमी टायरवर आपटली. "डांबरी रस्त्याला न्हाई, ह्या असल्या उतारावर आमच्या बुडाखाली चिकटवलेलं टायर घालायचं? तुमच्या पोराला बसवाल का अशा गाडीत?"

"रबर सुटलेलं न्हाई," मी म्हणालो.  "बघा की. वरचं रबर जागच्या जागी हाय. रिमोल्ड खराब असता तर पट्टा सुटून आला असता."

"मग काय देवानं फोडला?"

दोन-तीन गडी पुढे सरकले. कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. मगदूम मध्ये आला.

"थांबा, थांबा! ऐकून घ्या. मी काय सांगितलं हुतं सगळ्यांना? पुढं रिमोल्ड लावायचा न्हाई. सांगितलं हुतं का न्हाई?"

दोघातिघांनी माना हलवल्या.

"सकाळी आनंदाचा पुढचा टायर पंक्चर झाला. स्टेपनी रिमोल्डची. ती त्यानं पुढं लावली. त्यानं काय करायला पायजे हुतं? मागचा टायर काढायचा, नवा कोणचा हाय तो पुढं घालायचा, स्टेपनी मागं घालायची. केलं न्हाई. आपल्या मनानं केलं. आता कंपनी काय करणार? नियम मोडून गाडी चालवली तर कंपनीवर येत न्हाई, त्याच्या दवाखान्याचं त्यानं बघायचं."

"आणि तू वर उभा राहून शिट्ट्या मारत हुतास, खेप चुकली, खेप चुकली म्हणून, ते?" यासीन ओरडला. "दोन चाकं काढाय-घालायला तास जातोय. तू दिला असतास तास?"

"मी शिट्टी मारली आसंल. पुढं रिमोल्ड लाव असं म्हणालो न्हाई. हिंदुरावांना इचारा. काय हो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दंडावरचा हात सैल झाला होता. मला कळत होतं की मी आता जे बोलेन ते आनंदाच्या डोक्यावर बसणार. आणि मला हेही कळत होतं की मी सुटणार.

"पावतीवर शिक्का आसतोय आमचा," मी म्हणालो. "फक्त मागच्या चाकासाठी."

यासीनने टॉमी खाली केली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी स्टेपनी पुढे लावली होती, हे मला माहीत होतं आणि मगदूमलाही. त्याने लगेच खिशातून कागद काढला.

"दोघंतिघं सह्या करा. आनंदानं आपल्या मनानं चाक लावलं एवढंच लिवतो."

"जरा सरका," शालन म्हणाली.

तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती गड्यांच्या मधून पुढे आली आणि टायरजवळ उकिडवी बसली. लग्नाआधी ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला होती. पान न बघता नुसतं दोन बोटांत धरून त्याची प्रत सांगायची. आमच्याकडे आल्यावर केसिंग तपासायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं. मी हातोडी मारून आवाज ऐकायचो. ती टायरमध्ये हात घालून तळवा फिरवायची आणि तोंड दुसरीकडेच करून बसायची. थर कुठे सुटला असेल, आत कुठे पोकळ असेल, तर तिचा हात तिथे थांबायचा.

आताही ती तशीच बसली. फुटलेल्या जागेपासून सुरुवात करून तिने हात हळूहळू सगळ्या टायरभर फिरवला.  वरच्या एका टिपरचं इंजिन तेवढं चालू होतं.

फुटलेल्या जागेच्या अलीकडे तिने बोटं घातली आणि दोऱ्याचे थर वेगळे करून दाखवले. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे ते निघत होते.

"यासीनभाई, हात लावा हितं."

यासीनने वाकून हात लावला.

"हे आजचं न्हाई," ती म्हणाली. "केसिंग आधीपासनं पोकळ हुतं. वरनं रबर चढवल्यावर दिसत न्हाई. हा टायर मागं लावला असता तरी फुटलाच असता. पुढं लावला म्हणून फुटला न्हाई. आनंदाभावजींची चूक न्हाई."

मगदूमचा पेन तसाच राहिला.

"वैनी, तुम्ही काय बोलालाय तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"मग असलं केसिंग तुमच्या दुकानातनं बाहेर आलं कसं? कोण बघतंय तुमच्यात केसिंग?"

ती उठली. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं.

"मी बघते," ती म्हणाली. "मीच पास केला. माझ्या हातनं चूक झाली. लिहा तुमच्या कागदावर, मी सही करते."

मगदूमने लिहिलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिने सही केली, शालन हिंदुराव चौगले. ती तिसरीपर्यंत शिकलेली होती, सहीला वेळ लागला.

कुणी तिला शिवी दिली नाही. यासीन जमिनीवर थुंकला आणि म्हणाला, "बायकांच्या हातात टायर देत्यात, मग काय हुणार." एवढंच. मग त्यांनी टायर उचलून दरीत फेकला.

मी काही बोललो नाही.

मगदूम आम्हाला सोडायला आला नाही. आम्ही उतार चालत उतरलो. ऊन डोक्यावर आलं होतं. ती पुढे, मी मागे. दोन वळणं गेल्यावर मी तिला गाठलं.

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं?"

"काहीच न्हाई सांगायचं. सुटलो हुतो आपण."

"आपण सुटलो हुतो. आनंदाभावजींचं काय?"

"मग खरं सांगायचं हुतंस. मी केलं म्हणायचं हुतंस."

ती थांबली. "यासीनच्या हातात काय हुतं बघितलासा का? तुम्हाला जित्ता सोडला नसता. बाईच्या अंगावर कुणी आलं न्हाई." आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "दुकान चालायला पायजे. लोकांचा तुमच्यावर भरवसा ऱ्हायला पायजे. माझ्यावर काय, कुणाचा नव्हताच."

आता काय घडलं होतं ते सांगतो.

अपघाताच्या दोन महिने आधी मगदूम सहा टायर घेऊन आला होता. दुकानात आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. शालन खाली बसून हात घालून बघत होती. मगदूम हसला. म्हणाला, "हिंदुराव, दुकान तुझं का वैनीचं? टायर म्हंजे काय भाकरीचं पीठ हाय, हात घालून बघायला?" ती दोघं गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो.

तेवढ्यात तिने एका टायरच्या आत पिवळ्या खडूने फुली मारली. फुली म्हणजे हा चढवायचा नाही. खराब केसिंग आम्ही सुरीने कापत नव्हतो, कारण उसाच्या बैलगाड्यांना ते चालतं आणि गिऱ्हाईक ते परत मागतं. म्हणून नुसती आतून फुली.

"ह्येला काय धाड भरलीय? नव्यासारखा हाय की," मगदूम म्हणाला. "वैनींना आवडला न्हाई वाटतं."

पुन्हा सगळे हसले. मी हातोडी घेतली आणि टायरवर चार ठिकाणी मारली. आवाज चांगला आला.

"चांगला हाय," मी म्हणालो.

"पोकळ हाय तिथं," शालन म्हणाली.

"मला शिकवतीस?"

डिझेलच्या फडक्याने मी तिची फुली पुसली. त्या तिघांच्या देखत. संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, "तो चढवू नगासा." मी म्हणालो, "चढवला." त्याच्यावर त्रेचाळीस नंबर मीच उमटवला.

खडू तेलकट होता, तो नीट पुसला गेला नव्हता. रस्त्यावर ती टायरमध्ये हात घालून बसली तेव्हा त्या फुलीचा अर्धा पाय मला दिसला. तिलाही दिसला. तिने त्यावर हात ठेवला आणि फुटलेल्या बाजूकडे यासीनचं लक्ष वळवलं.

आनंदाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिच्या सहीमुळे चूक आनंदावर ढकलता येईना, दवाखान्याचं कंपनीला बघावं लागलं. पुढे त्याला डेपोत वजनकाट्यावर बसवलं. आमचं खाणीचं काम सहा महिने बंद होतं, मग हळूहळू परत आलं, कारण त्या दगडांत नवे टायर त्यांना परवडेनात. पण प्रत्येक ड्रायव्हर टायर टाकताना विचारायचा, "केसिंग कोण बघतंय?" आणि मी सांगायचो, "मी बघतोय."

बघत तीच होती. दुपारी दुकानात कुणी नसताना. गाडीचा आवाज आला की हात काढून आत जायची आणि ट्यूबच्या पॅचचं काम घेऊन बसायची. त्यानंतरच्या बावीस वर्षांत आमचा एकही टायर केसिंगमुळे फुटला नाही. अणुस्कुऱ्यापासून लोक यायचे. हिंदुरावच्या हाताला टायर कळतो म्हणायचे. आणि रस्त्यावर कुणाचं चाक बसलं की टिपरवाले म्हणायचे, "बाईनं पास केलेला दिसतोय." माझ्यासमोर म्हणायचे. ती आत ऐकायची.

हे मी कधीही थांबवू शकलो असतो. पहिली दोन-तीन वर्षं मनात होतं. नंतर ते मनातूनही गेलं. खरं सांगायचं तर पुढे पुढे मला वाटायलाच लागलं की माझ्या हाताला टायर कळतो.

गेल्या आषाढात शालन वारली. पोटाचं दुखणं होतं, दीड महिन्यात सगळं संपलं.

बाराव्यानंतर आनंदा आला. काठी घेऊन, पायऱ्या एकेक करून चढला. त्याच्यासाठी चहा आला. काठी भिंतीला टेकवून त्याने कप हातात घेतला. मग म्हणाला, "वैनींच्या हातनं झालं ते झालं हिंदुराव. मी कधी मनात धरलं न्हाई. दर बाजारच्या दिवशी तुमच्या दुकानात आलो की त्यांना म्हणायचो, वैनी, चूक माणसाकडनंच हुती. मी तुम्हाला माफ केलंय. त्या व्हय म्हणायच्या आणि चहा द्यायच्या."

हे मला माहीत नव्हतं. तो आला की मी पुढे गिऱ्हाइकांत असायचो.

"आनंदा," मी म्हणालो, "तो टायर मी पास केला हुता. तिनं नगो म्हणून फुली मारली हुती. मी पुसली."

त्याने कप खाली ठेवला.

"काय?"

मी सगळं सांगितलं. मगदूमचं बोलणं, हसणं, फडकं, सगळं.

"किती येळा नगो म्हणाल्या?"

"दोनदा."

तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. तो स्वतःच्या मांडीवर हात घासत बसला.

"बावीस वरसं," तो म्हणाला. "बावीस वरसं मी त्या बाईला माफ करतोय रे. दर शनवारी. तिच्या तोंडावर. आणि ती व्हय म्हणत हुती." त्याने काठी ओढून घेतली. "मला लाज वाटालीय. मला. तू मला कुठं तोंड दाखवायच्या लायकीचं ठेवलं न्हाईस."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मला सांगून काय उपेग? मला पाय न्हाई, ते मला कधीच कळलंय." काठी टेकत तो उठला. चहा तसाच होता. "उद्या दहाला नाक्यावर ये. न्हाई आलास तर मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. नाक्यावर टिपर लागले होते, चहाच्या टपरीवर दहा-बारा ड्रायव्हर होते. यासीन वारला होता. मगदूम इचलकरंजीला पोरीकडे राहायला गेला होता. अर्धे ड्रायव्हर तर त्या वेळी लहान पोरं असतील. आनंदाने काठी बाकड्यावर आपटली आणि म्हणाला, "ऐका रे, हिंदुरावांना काय सांगायचंय."

मी उभा राहिलो. शालन हिंदुराव चौगले असं पूर्ण नाव घेऊन सुरुवात केली. कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं, जसं घडलं तसं सांगितलं. मध्ये एकदा थांबलो तर आनंदा म्हणाला, "फुलीचं सांग."

सांगून झाल्यावर मी बाकड्यावर बसलो. मग एक ड्रायव्हर म्हणाला, "म्हंजे काका, आमच्या गाड्यांचं टायर त्या मावशी बघत हुत्या? इतकी वरसं?"

"व्हय."

"माझा बाबा म्हणायचा, बाईनं पास केलेला टायर घेऊ नगो."

"तुझा बाबा माझ्यामुळं म्हणायचा."

"मग आता कोण बघतंय?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो. "मला कळत न्हाई. दुकान बंद केलंय."

तो दुसऱ्याकडे बघायला लागला. कुणीतरी चहाचे पेले गोळा केले. मला वाटलं, झालं. मी पायात चपला सारल्या.

आनंदाने काठी उचलली.

"चल," तो म्हणाला. "आता डेपोवर."